वस्तुसंग्रहालयातील इतिहासाचा पाठ
(इयत्ता ५ वी ते ७ वी)

सातवाहनांचे नाव मुले पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. ज्या माणसांविषयी आपण वाचतो ती आपल्याच नदीकाठी नांदत होती, हे त्यांस कोणी दाखविलेले नसते. ही उणीव भरून काढण्याचे साधन कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षकाच्या हाताशी आहे. ते म्हणजे टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय होय.

पार्श्वभूमी : पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे प्रथम प्रा. कुंदनगार यांनी आणि पुढे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकालीन घरांचे अवशेष, नाणी व भांडी सापडली. वरच्या थरांत बहामनी काळाच्या खुणा मिळाल्या. या वस्तू जतन करण्यासाठी १९४६ साली संग्रहालय सुरू झाले व १९४९ साली ते टाऊन हॉलमध्ये आले. ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधलेली आहे. आबालाल रहिमान यांच्यासारख्या कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रेही येथे पाहावयास मिळतात.

पूर्वतयारी : भेटीचा दिवस व वेळ आधी चौकशी करून ठरवावी. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह शाळांस सोयीचा पडतो. वर्गाचे लहान गट करून प्रत्येक गटास एकच वस्तू नेमून द्यावी. सर्व दालने धावत पाहिल्याने काहीच लक्षात राहत नाही.

प्रत्यक्ष पाठ : ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची लहानशी मूर्ती हा या पाठाचा मध्यबिंदू करावा. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. त्याच्यासमवेत रोमन बनावटीचा आरसा आणि सुरईही मिळाली. शिक्षकाने लगेच माहिती सांगू नये, प्रश्न विचारावेत. कोल्हापुरास समुद्र आहे काय? मग समुद्राचा देव येथे कसा आला? कोणत्या घाटाने, कोणत्या बंदरातून आला असेल? मुले नकाशा मागतील, तेव्हा तो पुढे ठेवावा. कोकणातील बंदरे, सह्याद्रीचे घाट आणि रोमशी चाललेला व्यापार यांची संगती मुले स्वतः लावतील.

यानंतर अखेरचा प्रश्न विचारावा. हीच मूर्ती कोठे सापडली हे कोणास ठाऊक नसते, तर? ती केवळ एक सुबक वस्तू उरली असती. कोल्हापुराविषयी तिने काहीच सांगितले नसते. वस्तूइतकेच तिच्या जागेलाही मोल आहे, हे मुलांच्या मनावर ठसणे हाच या पाठाचा हेतू होय.

भेटीनंतर : हा हेतू गावात उपयोगी पडतो. अनेक गावांत जुन्या पांढरीची माती खत म्हणून शेतात पसरली जाते. तिच्याबरोबर खापरे, मणी, नाणी विखुरतात. एखादे नाणे मोडीतही जाते. एकदा थर विस्कटला की तो पुन्हा कोणालाही लावता येत नाही. म्हणून मुलांनी स्वतः उकरू नये. काही आढळल्यास जागा जशीच्या तशी ठेवून शिक्षकास सांगावे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हे पालकसभेत समजावून द्यावे.

शाळेत एका कोपऱ्यात जाते, पायली, मोटेची चाके यांसारख्या जुन्या वस्तू मांडाव्यात. प्रत्येकीपुढे नाव, उपयोग, कोठून मिळाली व कोणी दिली, एवढे मुलांच्या हातचे टिपण असावे. मोट हाकलेल्या आजोबांना वर्गात बोलावून त्यांच्या तोंडून हकिकत ऐकवावी व ती लिहून ठेवावी.

स्वाध्याय : घरातील सर्वांत जुनी वस्तू निवडून ती घरात कोणी, केव्हा व कोठून आणली, हे वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळींत लिहा.