डोळ्यांनी ऐकणे

बोलक्या बाहुल्यांच्या खेळात अर्धवटराव स्वतःच बोलत आहेत असे प्रेक्षकाला वाटते. शब्द रामदास पाध्ये यांच्या कंठातून निघतात हे ठाऊक असूनही तो भास जात नाही. यात कलावंताचे कौशल्य आहेच. पण प्रेक्षकाच्या मेंदूचाही वाटा आहे. एखादी गोष्ट कोठे आहे हे ठरविताना मेंदू कानापेक्षा डोळ्यावर अधिक विसंबतो. ती केव्हा घडली याबाबत मात्र तो बहुधा कानाचे मानतो.

शब्द ओळखतानाही असेच घडते. हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडोनल्ड या संशोधकांनी 1976 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरील चेहरा ‘गा’ म्हणत होता, त्याला जोडलेला ध्वनी मात्र ‘बा’ होता. बहुतेक प्रौढांना ऐकू आले ‘दा’! डोळे मिटताच पुन्हा ‘बा’. ‘बा’ म्हणताना ओठ मिटावे लागतात. ते मिटलेले दिसले नाहीत, म्हणून मेंदूने मधला मार्ग काढला. आपल्या वर्णमालेतही कंठ्य ‘ग’ आणि ओष्ठ्य ‘ब’ यांच्यामध्येच दंत्य ‘द’ येतो, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

मध्यमेंदूच्या पाठीमागील बाजूस दोन लहान उंचवटे असतात. आवाज होताच मान आणि डोळे तिकडे वळविण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. अमेरिकेत बॅरी स्टाइन व ॲलेक्स मेरेडिथ यांनी मांजरांच्या या भागाचा अभ्यास केला, तेव्हा प्रकाश आणि ध्वनी या दोहोंना प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी आढळल्या. दोन्ही संकेत एकाच ठिकाणाहून, जवळजवळ एकाच वेळी आले, तर प्रतिसाद वाढे. आणि संकेत जितके क्षीण, तितकी ही वाढ प्रमाणाने मोठी. म्हणजे एकटा कान आणि एकटा डोळा जेथे अपुरा पडतो, तेथेच त्यांची जोडी सर्वाधिक उपयोगी पडते. हे सामर्थ्य जन्मजात मात्र नव्हे. अंधारात वाढविलेल्या मांजरांच्या पेशींत अशी सांगड आढळली नाही. ती अनुभवाने जुळते.

शाळेच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गोंगाट वाढतो तसतसा बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा फायदा वाढतो, हे 1954 पासून प्रयोगांनी ज्ञात आहे. पंख्यांची घरघर, बाहेरील रहदारी, साठ मुलांची कुजबुज, आणि अशा वेळी शिक्षक फळ्याकडे तोंड करून शिकवीत असतील, तर मागच्या बाकावरील मुलाची अर्धी मदत गेलीच. कान वाहून ज्याची श्रवणशक्ती उणावली आहे, त्याचे तर सारेच जाते. असा मुलगा नकळत ओठ वाचून दिवस निभावून नेतो, म्हणून त्याचे न्यून ध्यानात येत नाही. ‘लक्ष नाही’ हा शिक्का तेवढा बसतो. वसतिगृहात आईवडील जवळ नसतात. तेव्हा हे प्रथम दिसायचे ते वर्गशिक्षकांना आणि गृहपालांना. समोरून सांगितलेले श्रुतलेखन बरोबर येते आणि पाठमोरे राहून सांगितलेले वारंवार चुकते, असे दिसल्यास त्या मुलाला दोष देण्याआधी त्याचे कान डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत, आणि तोवर त्याला पहिल्या बाकावर, शिक्षकांचा चेहरा उजेडात दिसेल असे बसवावे.