सप्ताहाच्या मांडवात तीन वेबकॅम

आदिलाबाद जिल्ह्यात बेला, जैनद, तांसी या भागांत हरिनाम सप्ताह मराठीतच होतो. १९५६पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो, मग आंध्रात गेलो, २०१४पासून तेलंगणात आहोत. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळातले बुवा येतात, पखवाज मात्र गावातलाच कुणीतरी धरतो. हे रेकॉर्ड करून ठेवावं असं मनापासून वाटतं. शहरातून शूटिंगवाले बोलावणं गावाच्या वर्गणीला झेपत नाही. म्हणून साधे वेबकॅम आणि जुना लॅपटॉप. या कामातून जे शिकलो, ते मांडतो.

१. कॅमेरा कुणासाठी, हे आधी ठरवा.
बुवांचं बोलणं एका कॅमेऱ्यात येतं. पखवाज शिकणाऱ्या पोराला हवे असतात वादकाचे हात. डाव्या पुडीवर ओली कणीक, तिच्यावर पडणारा उघडा तळवा. उजवीकडे शाईवर फिरणारी बोटं. दोन्ही पुड्या एका चौकटीत बसवायच्या तर कॅमेरा वादकाच्या समोर, थोडा उंचावर हवा. एक बुवांवर, एक पखवाजावर, एक टाळकऱ्यांसह अख्ख्या मांडवावर. तीन पुरतात.

२. खरी अडचण तारेत असते.
यूएसबी २.० ची वाट सेकंदाला ४८० मेगाबिटची, आणि तीही सगळी चित्राला मिळत नाही. ६४० बाय ४८० चं कच्चं चित्र सेकंदाला ३० फ्रेमनी घेतलं तर एकटा कॅमेरा सुमारे १४७ मेगाबिट खातो. दोन कसेबसे बसतात, तिसरा अडतो. १०८० चं कच्चं चित्र तर हजाराच्या घरात जातं. ते एकाचंही मावत नाही. हब लावल्याने वाट रुंद होत नाही, त्याच वाटेचे वाटेकरी वाढतात. लॅपटॉपला तीन पोर्ट दिसले तरी आत ते बहुधा एकाच कंट्रोलरला जोडलेले असतात. लिनक्सवर तिसरा कॅमेरा चालू करताना ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश आला, तर डिस्क तपासत बसू नका. जागा तारेत संपलेली असते.
उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याकडून कच्चं चित्र न घेता एमजेपेग, म्हणजे दाबून लहान केलेलं चित्र, घ्या आणि ७२० वर समाधान माना. काही स्वस्त कॅमेरे एमजेपेगमध्येही गरजेपेक्षा जास्त वाट अडवून ठेवतात, म्हणून विकत घेण्याआधी तिन्ही एकत्र लावून बघा. डेस्कटॉप असेल तर वेगळं यूएसबी कार्ड बसवा, म्हणजे दुसरी वाट मिळते.

३. पहिला खर्च उजेडावर करा.
उजेड कमी पडला की वेबकॅम आपोआप प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो. ३० फ्रेमच्या १५ होतात आणि पखवाजाची बोटं पुसट होतात. मांडवात चांगले एलईडी लावा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करा. नाहीतर एका कॅमेऱ्यात बुवा पिवळे, दुसऱ्यात निळे. आपली वीज ५० हर्ट्‌झची. सेटिंगमध्ये ६० असेल तर ते बदला, चित्रातली लुकलुक थांबते.

४. आवाज एकाच जागी घ्या.
स्पीकरच्या मिक्सरमधून एक लाइन रेकॉर्डरला द्या. वेबकॅमचे माइकही चालू असू द्या, पण जुळवणीपुरते. सुरुवातीला आणि शेवटी तिन्ही कॅमेऱ्यांना दिसेल असा एकच खणखणीत टाळ वाजवून घ्या. त्या ठोक्यावर सगळ्या फाइली जुळतात, आणि दोन तासांत एखादा कॅमेरा मागे पडला असेल तर शेवटच्या ठोक्याला कळतं.

५. लाइट जाणार असं धरूनच चला.
रेकॉर्डिंगचं ओबीएस सॉफ्टवेअर फुकट आहे, पण नुसतं ओबीएस जुळवलेलं एकच चित्र साठवतं. प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी फाइल हवी तर त्याला सोर्स रेकॉर्ड प्लगिन जोडा, किंवा एफएफएमपेग वापरा. फाइल एमकेव्ही ठेवा. मध्येच बंद पडली तरी तोवरचं हाती राहतं, साधी एमपी४ बहुधा उघडतच नाही. सेकंदाला ८ मेगाबिट धरले तर एका कॅमेऱ्याचे तासाला ३.६ जीबी, म्हणजे दोन तासांच्या कीर्तनाचे तीन कॅमेऱ्यांचे साधारण २२ जीबी. डिस्क एफएटी३२ नसावी, तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, पण हब लावला असेल तर त्याचा अडॅप्टरही इन्व्हर्टरवर घ्या.

६. केबल लांबवू नका.
साधी यूएसबी २.० केबल पाच मीटरपर्यंतच. पुढे जायचं तर अॅक्टिव्ह केबल लागते. त्यापेक्षा लॅपटॉपच तिन्ही कॅमेऱ्यांच्या मध्ये ठेवा आणि तारा सतरंजीखालून नेऊन चिकटपट्टीने बसवा.

७. विचारल्याशिवाय कॅमेरा लावू नका.
सप्ताहाबाहेरही हे लागू आहे. आमच्याच जिल्ह्यात दिवाळीत गोंड गुड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, दंडारी-गुसाडी हा नाच होतो. मोरपिसांचा टोप घातलेले गुसाडी गोल नाचतात, म्हणून अनेक कोनांतून टिपायचा मोह होतो. पण गुसाडी हा देवाचा वेश आहे. आधी गावच्या पटेलांना विचारावं, आणि ते म्हणतील तिथे थांबावं. मारलवाईच्या कनक राजूंना २०२१ साली गुसाडीसाठी पद्मश्री मिळाली. २०२४मध्ये ते गेले. जाणत्या माणसाबरोबर किती जातं, हे अशा वेळी समजतं.

८. पैसे उरले तर चौथा कॅमेरा नको, दुसरी हार्ड डिस्क घ्या.
एक प्रत तुमच्याकडे, एक गावात. गावातली प्रत मोबाइलवर चालेल अशी लहान करून पखवाज शिकणाऱ्या पोरांच्या हाती त्याच आठवड्यात द्या. त्यांनी ती बघून हात बसवला, तर सगळा खर्च वसूल झाला.