देवगांडूळ : सह्याद्रीच्या मातीतील अपरिचित उभयचर

शालेय पुस्तकांत उभयचर प्राण्यांची उदाहरणे म्हणून बेडूक, भेक व सॅलॅमँडर यांची नावे दिलेली आढळतात. यांपैकी सॅलॅमँडर हा चार पायांचा व लांब शेपटीचा प्राणी भारतात केवळ पूर्व हिमालय व ईशान्येकडील डोंगराळ भागांत आढळतो. महाराष्ट्रात तो नसल्यामुळे ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीच्या विद्यार्थ्याला तो चित्रातच पाहावा लागतो. परंतु ओलसर वनभूमीत राहणारा, पाय नसलेल्या उभयचरांचा तिसरा गट सह्याद्रीत आहे. तो गट म्हणजे देवगांडूळ होय.

१९६० साली अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी या प्रदेशातील दोन जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. पहिली, 'इक्थिओफिस बॉम्बेएन्सिस', डांगमधील वघई येथील नमुन्यावरून ओळखली गेली. वघई त्यापूर्वी मुंबई राज्यात होते, आज ते गुजरातमध्ये आहे. दुसरी, 'इंडोटिफ्लस बॅटर्सबायी', खंडाळ्याची. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे डोंगराळ तालुके डांग आणि खंडाळा यांच्या दरम्यानच येतात. पुढे २००४ साली वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरातून आणखी एका जातीचे वर्णन केले व तिला महाराष्ट्राचेच नाव दिले.

देवगांडुळाच्या अंगावर वलये असल्याने ते प्रथमदर्शनी गांडुळासारखे दिसते. परंतु त्याला पाठीचा कणा, जबडा व दात असतात. वाळा सापाशीही त्याची गल्लत होते. वाळ्याचे अंग कोरडे व चकचकीत खवल्यांचे असते, तर देवगांडुळाची त्वचा ओलसर व बुळबुळीत असते. डोळे बारीक असून त्वचेखाली झाकलेले असतात. डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक इवलीशी स्पर्शिका असते. असे इंद्रिय अन्य कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्यात नाही. तिच्या साहाय्याने ते मातीच्या अंधारात गंध व स्पर्श ओळखते आणि गांडुळे, वाळवी व किड्यांच्या अळ्या शोधून खाते. भक्कम कवटीने माती सारून ते बिळे करते.

त्याचे जीवन ओलाव्याशी बांधलेले आहे. फुप्फुसांबरोबरच ते त्वचेनेही श्वसन करते व त्यासाठी त्वचा ओली राहणे आवश्यक असते. पावसाळ्यात ते मातीच्या वरच्या थरात, दगडांखाली वा कुजलेल्या पानांखाली सापडते. उन्हाळ्यात खोल जाते. इक्थिओफिस वंशातील मादी पाण्याजवळच्या ओल्या बिळात अंडी घालते व त्यांभोवती वेटोळे करून राखण करते. सारासिन बंधूंनी गेल्याच्या आधीच्या शतकात श्रीलंकेत ही गोष्ट नोंदवली. अंड्यांतून निघालेले डिंभ पाण्यात वाढून नंतर जमिनीवर येतात. याउलट, कोकणातील 'गेगेनिओफिस शेषाचारी' ही जात थेट पिलांना जन्म देते, असे २००८ साली सिद्ध झाले. तोपर्यंत आशियातील कोणत्याही उभयचरात असा प्रकार ज्ञात नव्हता.

या प्राण्यापासून माणसास धोका नाही. तरीही शेतात खणताना किंवा पावसात वाटेवर दिसताच साप समजून ते मारले जाते. त्याहून मोठी हानी अधिवासाच्या नाशाने होते. ओढ्याचा काठ सिमेंटने बांधला, पालापाचोळा जाळला किंवा डोंगरउताराची माती उपसली, की ओलावा संपतो. त्याची पातळ त्वचा मातीतील रसायनेही सहज शोषून घेते. जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्याचे नाहीसे होणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणूनच नोंदीचे महत्त्व आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ही जबाबदारी ग्रामपंचायतींची आहे, तशीच ठाणे व कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांचीही आहे. या नोंदवहीत वृक्ष व पक्षी यांच्याबरोबर मातीतील प्राण्यांनाही स्थान मिळावे. देवगांडूळ दिसल्यास ते हाताळू नये. छायाचित्र, तारीख, ठिकाण व जमिनीचा प्रकार टिपून ते जागीच सोडावे आणि उचललेला दगड पूर्ववत ठेवावा. शिक्षकांनी पावसाळ्यापूर्वी वर्गात गांडूळ, वाळा व देवगांडूळ यांतील फरक फळ्यावर काढून दाखविला, तर घरोघरी तो पोहोचेल आणि पहिल्या पावसात उचललेली काठी अनेक ठिकाणी खाली ठेवली जाईल.