सानिकाला पत्र : मांजर गेल्याच्या दुःखाबद्दल

चि. सानिका हिस,


‘मांजरच होतं ना’ हे पुन्हा ऐकायला नको, म्हणून सोनीबद्दल कॉलेजात कुणाकडे बोलतच नाहीस, असं लिहिलंस. ते वाचून फार वाईट वाटलं. या दुःखाची लाज वाटायचं काहीच कारण नाही गं. नात्सुमे सोसेकी हा जपानचा केवढा मोठा कादंबरीकार! ज्या मांजरावरून त्याला पहिली कादंबरी सुचली, ते 1908 साली गेलं, तेव्हा त्याने आपल्या शिष्यांना रीतसर पत्रं पाठवून कळवलं. घरामागे पुरलं आहे, मी लिखाणात आहे, भेटायला यायची तसदी घेऊ नका, असंही त्यात होतं. मांजर गेल्याचं पत्राने कळवावं, एवढं ते त्याला मोठं वाटलं.

हिरो आरिकावा यांची ‘द ट्रॅव्हलिंग कॅट क्रॉनिकल्स’ आत्ता वाचू की थांबू, असं विचारलंस. आत्ताच वाच. मूळ जपानी पुस्तक 2012 चं, फिलिप गॅब्रिएल यांचा इंग्रजी अनुवाद 2017 चा. नाना नावाचा बोका बरीचशी गोष्ट स्वतःच सांगतो. त्याचा सातोरू त्याला चंदेरी व्हॅनमध्ये घालून जुन्या मित्रांकडे नेतो, कारण त्याला नानासाठी घर शोधायचं आहे. का शोधायचं आहे, हे तुला लवकरच कळेल. इथे जाणारा माणूस आहे आणि मागे राहणारं मांजर. एका रात्रीत संपवू नकोस. एका मित्राचं प्रकरण झालं की पुस्तक मिटून ठेव.

शेवटच्या क्षणी सोनीजवळ नव्हतीस, हे तुला सगळ्यात जास्त टोचतंय. म्हणून हाचीचा भाग सावकाश वाच. सातोरूचं लहानपणीचं मांजर ते. आईवडील गेले आणि हाची दूरच्या नातेवाइकांकडे गेला. त्याला भेटायला जायचं म्हणून या पोराने केवढा आटापिटा केला, पण तो पोचायच्या आतच हाची गेला. आणि पुढे कित्येक वर्षांनी गाडीची धडक बसलेला एक भटका बोका विव्हळत होता, त्याला उचलून घेणारा हाच सातोरू. तोच नाना. हाचीला न भेटल्याची भरपाई, असं आरिकावा कुठे म्हणत नाहीत. मला ते फार आवडलं. तूही सोनीच्या बाबतीत हिशेब मांडत बसू नकोस. म्हाताऱ्या मांजराची किडनी गेली की डॉक्टरांच्याही हातात फारसं काही उरत नाही.

सातोरूच्या मावशीकडे, नोरिकोकडे मात्र नीट बघ. ती न्यायाधीश, मांजराला घाबरणारी, नको त्या वेळी नको ते बोलून जाणारी. आणि तरी त्या पोराला तिनेच वाढवलं. पहिल्यांदा वाचताना मला तिचा रागच आला होता.

दादा त्या दिवशी ‘दुसरं आणू’ म्हणाला, त्याचा तुला राग आहे. मी त्याला लहानपणापासून ओळखते. जीव कासावीस झाला की तो असंच काहीतरी बोलतो. नोरिकोचं प्रकरण झालं की त्याच्याजवळ बस आणि सोनीचा विषय तूच काढ. त्या रात्री तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात तोच बसला होता. तिथे काय झालं, ते त्याला विचार.

तुझी,
आत्या