मोबाइलवरच्या खेळाने ताटातली भाजी संपेल?

प्रश्न : नववीतली मुलगी शाळेतून येताच चिप्सचं पाकीट आणि मोबाइल घेऊन बसते. आहारावरचे ऑनलाइन खेळ तिच्या उपयोगी पडतील का?
– एक पालक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : थोडेफार नक्की पडतील. चेन्नईत 10-11 वर्षांच्या 104 मुलांना घेऊन ‘फूया’ या मोबाइल खेळाची चाचणी झाली. 20-20 मिनिटांच्या दोन डावांनंतर हा खेळ खेळलेल्या मुलांनी समोरच्या पदार्थांतून पौष्टिक पदार्थ अधिक उचलले. मात्र ही निवड खेळ संपल्या संपल्या केलेली. सवय लागते ती घरात.

म्हणून खेळ मोबाइलबाहेर आणावा. पाकिटाच्या मागे 100 ग्रॅममध्ये किती मिलिग्रॅम सोडियम आहे, ते मुलीनेच वाचावं आणि अडीचने गुणावं. आला मिठाचा हिशेब! मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्वतः मांडलेलं गणित आईच्या बोलण्यापेक्षा लवकर पटतं.

या वयात खरी काळजी रक्ताची. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चुकवू नये. भाकरी, वरण, पालेभाजीवर लिंबू पिळावं. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवावा.

मुलीला धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर खेळावर विसंबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या.