करंट मोड फिल्टर आणि असोद्याचं ऊन

साध्या आरसी फिल्टरचा कटऑफ बदलायचा तर रेझिस्टर काढा, दुसरा लावा. एलएम १३७०० या आयसीत ही कटकट नाही. त्यात दोन ओटीए असतात. ओटीए म्हणजे व्होल्टेज घेऊन करंट देणारा अँप्लिफायर. एका व्होल्टला किती करंट, म्हणजे त्याचा जीएम, हे बायस करंट ठरवतो.

पहिल्या ओटीएचं आउटपुट त्याच्याच इन्व्हर्टिंग इनपुटला जोडा, दुसरं इनपुट ग्राउंडला. तो रेझिस्टरसारखा वागू लागतो. त्या नोडपासून ग्राउंडला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि सिग्नलचा करंट नोडवरच सोडा (१० मायक्रोअँपिअर पुरे). नोडचं व्होल्टेज दुसऱ्या ओटीएला दिलं की त्याच्या आउटपुटला गाळलेला करंट. झाला लो-पास!

जीएम म्हणजे बायस करंट भागिले थर्मल व्होल्टेजची दुप्पट. १०० मायक्रोअँपिअरला, २५ अंशांवर, कटऑफ सुमारे ३१ किलोहर्ट्झ. करंट दुप्पट केला की कटऑफही दुप्पट.

पण थर्मल व्होल्टेज तापमानाबरोबर वाढतं. आपल्या जळगावजवळच्या असोद्याला, बहिणाबाईंच्या माहेरी, मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. तेवढ्या उष्णतेत कटऑफ २९ किलोहर्ट्झवर येतो. गंमत म्हणजे गेन हलतच नाही, कारण दोन्ही ओटीए एकाच चिपवर सारखेच तापतात. म्हणून नुसता गेन मोजून हा घोळ सापडत नाही.

उपाय असा, की बायस करंटही केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढवायचा: ४५ अंशांना सुमारे १०७ मायक्रोअँपिअर. असं बायस सर्किट आयसीला अगदी चिकटून ठेवा. ते पंख्याखाली आणि आयसी उन्हात, मग काय उपयोग?