नववीतली गळती आणि दहावीचा कागद

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. यंदाही मुलींनी बाजी मारली, आणि कोकण विभाग पहिला आला. २०२५ मध्ये राज्यात पंधरा लाखांवर मुलं नियमित विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसली आणि ९४.१० टक्के उत्तीर्ण झाली. आकडा इतका गुळगुळीत, की उरलेल्या नव्वदएक हजारांवर नजर ठरत नाही. परीक्षेपर्यंत पोचलीच नाहीत ती मुलं तर कुठल्याच रकान्यात नसतात. ना नापासांत, ना गैरहजरांत. टक्केवारीच्या छेदातसुद्धा त्यांना जागा नाही.

ही मुलं गळतात ती बहुतेक नववीत. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत सांभाळून घेतो. २०१० पासून आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवायचं नाही असा नियम होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, तरी खरी चाळणी लागते ती त्यापुढं. भागाकार कच्चा राहिलेलं पोर बीजगणितासमोर बसतं, विज्ञानाच्या पुस्तकातली निम्मी वाक्यं त्याला लागत नाहीत, आणि कायद्याचं छत्र नेमकं तेव्हाच संपलेलं असतं. त्यात काही शाळांना दहावीचा शंभर टक्के निकाल फलकावर झळकवायचा असतो. मग पालकांना बोलावणं येतं, “याला परत नववीत बसवा, नाहीतर दाखला घ्या आणि बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरा.” सगळ्याच शाळा असं करत नाहीत, पण करतात त्या अगदी गोड बोलून करतात. पालकांनी इतकंच लक्षात ठेवावं की दाखल्याच्या अर्जावर सही त्यांची लागते. सही करण्याआधी विचारा, “पुढच्या जूनमध्ये माझा मुलगा कुठल्या हजेरीपटावर असेल?” याचं नीट उत्तर मिळत नसेल तर पेन खिशात ठेवा.

शाळा एका दिवसात सुटत नाही, हेही खरं. घटक चाचणीच्या दिवशी पोटात दुखतं. गणिताच्या तासाची वही कोरी असते. मग शनिवार-रविवार कुणाच्या तरी गॅरेजवर जाणं सुरू होतं, पुढं सोमवारही त्यात येतो. घरच्यांना कळतं तेव्हा निम्मं वर्ष गेलेलं असतं, आणि कळल्यावर पहिलं वाक्य येतं, “शिकून कोण मोठा कलेक्टर होणार आहे!” हे वाक्य रागानं म्हटलेलं असो की हताशपणे, मुलाला त्यातून परवानगी मिळते.

पुढची दोन-तीन वर्षं या परवानगीच्या बाजूनं साक्ष देतात. सोळाव्या वर्षी हातात रोजचे पैसे येतात, मोबाइल येतो, आईला दिवाळीत साडी येते. वर्गातली हुशार मुलं तेव्हा अजून बापाकडं बसच्या पाससाठी पैसे मागत असतात. पालकांना वाटतं, बरं झालं, पोरगं मार्गी लागलं. फसगत इथंच होते. अंगमेहनतीच्या कामात सतराव्या वर्षीची मजुरी आणि सदतिसाव्या वर्षीची मजुरी यांत महागाईपलीकडं फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो कंबरेत. हाताखालच्या पोऱ्याचा मिस्त्री होतो, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याच मिस्त्रीला कामावर घेताना आधी कागद विचारतात. काम येतं की नाही हे नंतर.

कायद्यानं चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. बाकी कामांतही विश्रांती धरून सहा तासांपेक्षा जास्त थांबवून घेता येत नाही, आणि संध्याकाळी सातनंतर तर नाहीच. रात्री अकरापर्यंत कपबशा विसळणाऱ्या पोराच्या मालकाला हे कुणी सांगत नाही. मुलाला कामाला लावलंच असेल, तर निदान हे तास पालकांनी बोलून घ्यावेत. त्या उरलेल्या संध्याकाळीच दहावी होणार असते.

दहावीवर इतका जोर का? शाळा सुटली म्हणून आयुष्य बरबाद झालं, असं मी कुठल्याही मुलाला सांगणार नाही. ते खरं नाही, आणि मुलाला ते खरं वाटलं तर तो परत फिरायचं सोडून देतो. पण शाळा सुटणं वेगळं आणि दहावी कायमची सुटणं वेगळं. आपल्याकडं दहावीच्या प्रमाणपत्रावर इतक्या गोष्टी अडकवून ठेवल्या आहेत की ज्ञानाचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी नुसता कागद म्हणून त्याची किंमत मोठी आहे. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवक व्हायचं तर दहावी, तीही गणित-इंग्रजीसह, आणि निवड दहावीच्या गुणांवर. एसटीचा चालक व्हायचं तर दहावी. अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावी, वर ४५ टक्क्यांची अट. पॉलिटेक्निकला दहावी. पोलिस शिपाई आणि अंगणवाडी सेविका यांना तर बारावी, म्हणजे दहावी ही नुसती पायरी. टेम्पो-रिक्षाच्या लायसन्ससाठीची आठवीची अट २०१९ मध्ये निघाली, पण असे उलट्या दिशेनं उघडलेले दरवाजे फार थोडे.

पासपोर्टाची गोष्ट रत्नागिरी-रायगडच्या घरांना मुद्दाम सांगावीशी वाटते. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टावर साधारणपणे ‘ईसीआर’ असा शेरा पडतो, आणि सौदी, कुवेत, कतार, ओमान अशा देशांत नोकरीला जाताना परवाना वेगळा काढावा लागतो. नियम मजुरांची फसवणूक टाळण्यासाठी आहे आणि तो योग्यच आहे. पण व्यवहारात त्याच मुलाला एजंटाच्या दारात जास्त चकरा आणि जास्त पैसे पडतात. आखातात जायचंच आहे, मग शाळा कशाला, असं म्हणणाऱ्याला ही बाजू माहीत नसते.

फायदा फुगवून सांगण्यातही अर्थ नाही. २०१९ च्या शिकाऊ उमेदवारीच्या नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना किमान ५००० रुपये विद्यावेतन धरलं होतं आणि दहावीवाल्याला ६०००. हजार रुपयांसाठी कुणी पायथागोरस शिकणार नाही. खरा फरक पुढच्या दारांचा आहे.

मुलींचं गणित निराळं. मुलगा शाळा सोडतो तेव्हा घर त्याच्याकडं कमाई मागतं. मुलगी सोडते तेव्हा तिच्यासाठी स्थळ बघायला लागतं. गावातली शाळा चौथी किंवा सातवीला संपते, पुढची पाच-सात किलोमीटरवर, आणि रस्त्यात टवाळकी करणारी पोरं. ऊसतोडीच्या पट्ट्यात तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल कोयत्यावर मिळते, म्हणून लग्न लवकर उरकायला पैशाचंही कारण तयार असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड, परभणी, जालन्याकडं प्रमाण त्याहून बरंच जास्त. शासनानं २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगला निर्णय. पण तो लाभ दहावी-बारावीच्या पुढं आहे, आणि बीडची मुलगी नववीतच खोपीवर भाकऱ्या थापायला गेलेली असते. तिच्या कामाच्या योजना त्याआधीच्या आहेत: एसटीचा मोफत पास, मानव विकासची निळी बस, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं. मुख्याध्यापकांकडं किंवा पंचायत समितीत याची चौकशी दिवाळीआधी करावी. मुकादमाची गाडी दारात लागल्यावर चौकशीला अर्थ उरत नाही.

आता परतीच्या वाटा. मूल अजून शाळेतच असेल आणि भीती फक्त नापास होण्याची असेल, तर आधी नियम वाचा. गणित आणि विज्ञान मिळून ७० गुण आणि प्रत्येकात किमान २५ असले तरी चालतं. भाषांनाही अशीच एकत्रित सवलत आहे. त्यात वीस गुण शाळेच्या हातातले असतात. २०१९ मध्ये भाषा विषयांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले तर निकाल ७७.१० टक्क्यांवर कोसळला होता, आणि पुढच्या वर्षी ते परत आल्यावर ९५.३० वर गेला. एका वर्षात राज्यातली मुलं ढ झाली नव्हती आणि पुढच्या वर्षी हुशारही झाली नव्हती. नापास झालेल्या मुलाच्या बापानं हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, विशेषतः हात उगारण्याआधी.

एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा निकालानंतर दीड-दोन महिन्यांत होते. ती सोडू नका. “पुढच्या मार्चला बघू” म्हणणाऱ्यांचं पुढं काय होतं ते पुनर्परीक्षार्थींच्या निकालात दिसतं. तो अलीकडं चाळीस-पन्नास टक्क्यांच्या घरात असतो.

शाळा सुटलीच असेल तर सतरा नंबरचा फॉर्म. ‘सैराट’नंतर गर्दीमुळं शाळेत जाणं अवघड झालेल्या रिंकू राजगुरूनं याच वाटेनं दहावी दिली आणि २०१७ मध्ये ६६.४० टक्के मिळवले. मात्र या वाटेवर विषय तेच आणि परीक्षा तीच असते. गणितानंच ज्याला शाळेबाहेर काढलं, त्याला बाहेरून बसल्यानं गणित सोपं जात नाही. अशा मुलासाठी मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा पर्याय आधी सुचवीन. वय चौदा पूर्ण हवं. पाच विषय निवडायचे, त्यात एक भाषा हवीच, गणिताची सक्ती नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो, आणि राज्य मंडळाच्या परीक्षेत पास झालेले दोनपर्यंत विषय इकडं धरून घेता येतात. पुढं तांत्रिक शाखेकडं जायचं असेल तर मात्र गणित टाळू नका, तिथं ते आडवं येतं. मुंबईत काम करणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा आजही चालतात, आणि वर्ग, बाक, मास्तर असल्याशिवाय ज्याचा अभ्यास होत नाही त्याला त्याच बऱ्या.

हातात कसब असलेल्या मुलाला आयटीआय दाखवा. वेल्डर, वायरमन, सुतारकाम अशा काही ट्रेडना आठवी किंवा दहावी नापास चालतो, आणि राज्यात चारशेवर शासकीय आयटीआय आहेत. आठवीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पुरा करून भाषेची परीक्षा दिली की दहावीची समकक्षताही मिळवता येते. गॅरेजमध्ये रमलेल्या पोराला शाळेत ओढून आणण्यापेक्षा हे अनेकदा लवकर जुळतं. आयटीआयला कमी लेखणाऱ्या नातेवाइकांना त्यांच्या घरचा वायरमन किती घेतो ते विचारावं.

एक शक्यता फार पालक तपासत नाहीत. बोलण्यात चुणचुणीत, तोंडी सगळं सांगणारं, पण लिहिताना अक्षरं गाळणारं मूल आळशी असेलच असं नाही. अध्ययन अक्षमतेची तपासणी मुंबईतल्या शीव रुग्णालयासारख्या ठरावीक सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत होते. प्रमाणपत्र मिळालं तर जादा वेळ, लेखनिक, गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित अशा सवलती दहावीला मिळतात. त्यासाठी रांग लांब असते, म्हणून आठवी-नववीतच नंबर लावलेला बरा.

मुलं हमखास एक नाव फेकतात, नागराज मंजुळे दहावी नापास झाले होते. झाले होते. पण पुढं त्यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. केलं आणि नगरला संज्ञापनाचं शिक्षण घेतलं, हा उत्तरार्ध कुणी सांगत नाही. मुलाशी बोलताना तो सांगा. मात्र शेजारच्या पिंट्याचं उदाहरण देऊ नका. पहिले काही दिवस उपदेश बंद ठेवून एवढंच विचारा की वर्गात नेमकं कधीपासून काही कळेनासं झालं. बहुतेक मुलं पाचवी-सहावीचं नाव घेतात. मग शिकवणीही नववीची लावून चालत नाही, तिथपासूनची लावावी लागते.

आणि कागदाचं काम आजच करा. दाखल्यावरचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात आधारशी ताडून पाहा. मूल शाळेत आहे तोवर नोंदवहीतली चूक मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त होते. दाखला घेऊन बाहेर पडल्यावर तेच काम फार किचकट होतं. मूळ दाखला गॅरेजमालकाकडं किंवा मुकादमाकडं गहाण ठेवल्यासारखा देऊ नका, छायांकित प्रत द्या. सतरा नंबरची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी तिचा फॉर्म आदल्या पावसाळ्यातच ऑनलाइन भरायचा असतो. दरवर्षी कितीतरी पालक दिवाळीनंतर, पोराची समजूत घालून, कागद हातात घेऊन संपर्क केंद्राच्या शाळेत येतात, आणि तोवर मुदत गेलेली असते.